लालाच्या जागी निळा

गाठ हातात येते तेव्हा कोमट असते.
ऑपरेशन थिएटरपासून आमच्या खोलीपर्यंत
एकशे बारा पावलं, एक जिना.
धावलं की बाकावरचे नातेवाईक बघतात,
चालत गेलं तर उशीर.
मधली एक चाल आहे, ती मला जमते.

कारण पेशीतला निरोप फार नाशवंत.
डीएनए टिकतो, हाडांत, बर्फात, हजारो वर्षं.
आरएनए उन्हात ठेवलेल्या दुधासारखा:
जरा रेंगाळलं, की कोण काय बोलत होतं
ते कुणालाच कळत नाही.
म्हणून द्रव नायट्रोजन, म्हणून उणे ऐंशी,
म्हणून डबीवर नाव नाही, नुसतं के-४१.

नाव मला कळायला नको होतं.
पण तार्तू केवढंसं गाव,
आणि बाकावरची बाई किह्नू बेटाचा
पट्ट्यापट्ट्यांचा घागरा नेसून आलेली.
लाल, जवळजवळ सगळा लाल.
त्या बेटावरच्या बायका अंगावर बातमी नेसतात:
सगळं ठीक असेल तर लाल,
कुणी गेलं की काळा-निळा,
मग हळूहळू एकेक लाल पट्टा परत.
साल्मे तिचं नाव. नवरा एंडेल,
बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा,
शब्द हरवत चाललेला.
पान्याला तो 'ते वाकडं' म्हणायचा,
साल्मेला 'ए, बंदर'.
ती ओ द्यायची.

पडद्यावर के-४१ उलगडलं:
वीस हजार जनुकं, वीस हजार बारीक रेघा.
जे ओरडतंय ते लाल,
ज्याचं तोंड दाबलंय ते निळं.
डोळ्यात, नखात, सगळीकडे तीच जनुकं;
फरक एवढाच, कुणी कधी बोलायचं.
एंडेलच्या डोक्यात
बाळ घडवून गप्प झालेली काही
पुन्हा बोलू लागली होती,
वाढ, सरक, पसर,
आणि 'पुरे' म्हणणारी
निळी.

आमचं काम सांगायला सोपं.
हजारो जुनी औषधं, प्रत्येकाची आपली रेघारेघांची खूण.
त्यातून असं एक शोधायचं
जे लालाच्या जागी निळा ठेवेल,
निळ्याच्या जागी लाल.
पिरेतचा प्रोग्रॅम रात्रभर चालला.
सकाळी यादीत सगळ्यात वर
जंतांवरची गोळी, मेंढ्यांना देतात तसली.
पिरेत हसली. मग गप्प झाली.
मग तिनं तो पुन्हा चालवला.

बशीतल्या पेशींना ती लागू पडली.
पण बशीला कवटी नसते.
मेंदूला वेस असते, आणि वेशीवरचे पहारेकरी
वैरी की वैद्य ते बघत नाहीत,
अनोळखी, एवढंच बघतात.
उंदरांत निम्म्यांना गुण आला.
उरलेल्यांना का नाही, माहीत नाही.
हे वाक्य मी अहवालात तीनदा लिहिलं,
तीनदा ते कुणीतरी सौम्य केलं.

एंडेल मार्चमध्ये गेला,
एमायोगीवरचा बर्फ फुटला त्या आठवड्यात.

शरदात साल्मे आली. घागरा काळा-निळा.
आमच्याकडे निळा ही बरी बातमी असते,
पण हे काही बोलायचं नसतं.
'तो अजून आहे ना तुमच्याकडे?'
या प्रश्नाला नियमावलीत उत्तर नाही.
मी दाराच्या काचेतून फ्रीझर दाखवला.
ती म्हणाली, 'थंडी त्याला कधी बाधली नाही.'

अकरा काप होते, आता सात.
दरवेळी नवं काही सुचलं की एक जातो.
आज पिरेतला दोन औषधं एकत्र बघायचीत,
म्हणजे सहा.
डबी उघडताना मी श्वास धरते,
कशासाठी, ठाऊक नाही.

परवा पाकिटातून साल्मेचा फोटो आला.
धक्क्यावर, वाऱ्यात, डोळे बारीक केलेले.
घाई केली असेल तिनं, किंवा माझं मोजणं चुकलं:
काळ्या-निळ्यात एक लाल रेघ,
दोऱ्याएवढी.
मी पिरेतला दाखवली.
तिनं चष्मा वर सारला, वाकून पाहिलं,
आणि सवयीनं विचारलं,
'कुठलं जनुक?'